पेनसिल्व्हेनिया सरकारचा खदान विमा: पिट्सबर्गला घर घेण्याआधी वाचा

पिट्सबर्गच्या दक्षिणेला किंवा पश्चिमेला घर बघत असाल, तर शाळा, ऑफिसचं अंतर आणि तळघर फिनिश्ड आहे का याच्या जोडीनं आणखी एक गोष्ट बघा: घराखाली कोळशाची खदान आहे का. पुष्कळ ठिकाणी आहे. पेनसिल्व्हेनियात सुमारे दहा लाख घरं जुन्या भूमिगत खदानींच्या वर उभी आहेत, आणि नेहमीच्या होम इन्शुरन्समध्ये जमीन खचून झालेलं नुकसान धरत नाहीत. ते धरणारा विमा राज्य सरकार स्वतः विकतं. त्याचं नाव माइन सबसिडन्स इन्शुरन्स. चालवणारं खातं डिपार्टमेंट ऑफ एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन, सगळ्यांच्या तोंडी डीईपी. साउथ फायेटमध्ये घर घेतलं तेव्हापासून हा विमा आमच्याकडे आहे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवीन आलेली कुटुंबं घराबद्दल विचारतात, त्यांना दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हणून हा लेख.

मी मूळची चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घूसची. बाबा कॉलरीत माइनिंग सरदार, म्हणजे खदानीतल्या कामावर देखरेख ठेवणारे होते. कोळसा काढताना छत धरून ठेवायला पिलर कसे सोडतात, शेवटी मागे सरकत येताना तेच पिलर काढायला घेतले की छत कसं बसतं, हे आमच्याकडे जेवताना निघायचं. पिलर काढला तर रेती भरलीच पाहिजे, नाहीतर वरच्याचं काही खरं नाही, असं ते म्हणायचे. त्यामुळे घर बघायला लागल्यावर खालचा कोळसा कोणी काढला, कधी काढला, पिलर ठेवले की काढले, हे प्रश्न मी आपसूक विचारत होते. धड उत्तर कोणाकडेच नव्हतं. रिअल्टरला तर असं काही विचारतात हेच नवीन होतं. घर तपासणाऱ्यानं छप्पर, फर्नेस, वायरिंग, रेडॉन सगळं पाहिलं. जमिनीखालचं त्याच्या यादीत नव्हतं.

क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या दिवशी टेबलावर कागदांचा गठ्ठा असतो आणि सही कुठे करायची ते पिवळ्या चिठ्ठ्या सांगतात. आमच्या खरेदीखताच्या शेवटी एक परिच्छेद सगळाच्या सगळा मोठ्या अक्षरांत छापलेला होता. आशय असा: या खतानं जमिनीखालचा कोळसा आणि जमिनीला असलेल्या आधाराचा हक्क विकला जात नाही, त्याची हमीही दिली जात नाही. कोळसा ज्याच्या मालकीचा आहे त्याला तो सगळा काढून नेण्याचा पूर्ण हक्क असू शकतो, आणि त्यात वरच्या जमिनीचं आणि बांधकामाचं नुकसान होऊ शकतं. त्याखाली वेगळी सही. कोळसा काढल्यामुळे जमीन खचली तर आपल्याला संरक्षण मिळेलच असं नाही याची कल्पना आहे, एवढं त्या सहीनं आपण मान्य करतो. समोरच्या बाईंनी ‘हे इकडच्या सगळ्याच खतांत असतं’ म्हणून पान उलटायला घेतलं. मी त्यांना थांबवलं, दोनदा वाचलं, शंका विचारल्या आणि मग सही केली. पश्चिम पेनसिल्व्हेनियात घर घेणाऱ्याच्या हातात पडणाऱ्या सगळ्या कागदांत महत्त्वाचा परिच्छेद हा, आणि नेमका तोच घाईत उलटला जातो, याचं मला अजून वाईट वाटतं.

जमिनीचा मालक वेगळा आणि खनिजाचा वेगळा, हे आपल्यालाही माहीत असतं. पेनसिल्व्हेनियात यापुढे तिसरा हक्क आहे: वरची जमीन जागेवर टिकून राहायला जो आधार लागतो, त्याचा. हा हक्कही वेगळा विकता येतो, वेगळा राखून ठेवता येतो. कोळसा कंपन्यांनी एकोणिसाव्या शतकात वरचे प्लॉट लोकांना विकले आणि कोळसा व आधार दोन्ही स्वतःकडे ठेवले. पिटस्टनमधल्या एका घराचं १८७८ चं असंच खत होतं. घराखालचा कोळसा काढू नये असा कायदा राज्यानं १९२१ मध्ये केला, कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९२२ मध्ये जिंकली. न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात म्हटलं की कंपनीचा हा हक्क मोबदला दिल्याशिवाय सरकारला काढून घेता येणार नाही. पुढे १९६६ मध्ये राज्यानं नवा कायदा केला, आणि १९८७ मध्ये तशाच वादात पाच विरुद्ध चार मतांनी राज्याची बाजू टिकली. पण मधल्या काळात जे पोखरायचं ते पोखरून झालं होतं. त्यावर उपनगरं वसली, खणणाऱ्या कित्येक कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या. आज तळघराची भिंत सरकली तर नुकसानभरपाई मागायची कोणाकडे?

या प्रश्नाला राज्यानं १९६१ मध्ये उत्तर दिलं ते विम्याच्या रूपानं. कायद्यानं एक वेगळा निधी उभा केला. त्यावर तीन जणांचं मंडळ असतं: आजच्या रचनेत पर्यावरण खात्याचे सचिव, राज्याचे विमा आयुक्त आणि राज्याचे खजिनदार. हप्ते त्या निधीत जमा होतात, दावे त्यातून फेडले जातात. कोळशाच्या खदानीबरोबर मातीच्या, म्हणजे क्लेच्या खदानीही त्यात धरल्या आहेत, कारण विटा आणि भट्ट्यांसाठी ती मातीही इथे जमिनीखालून काढत. मध्ये नफा कमावणारी विमा कंपनी नाही. पॉलिसी एजंटकडूनही घेता येते, पण देणारं सरकारच.

घेण्याची पद्धत सरकारी कामाच्या मानानं फारच सुटसुटीत आहे. डीईपीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की आपण खणलेल्या भागावर आहोत का ते नकाशावर दिसतं. घराची माहिती भरायची, रक्कम ठरवायची, पैसे भरायचे. आमचा वर्षाचा हप्ता मोटारविम्याच्या एका महिन्याच्या हप्त्याहूनही कमी आहे. ज्येष्ठ नागरिकांना सवलत मिळते. आई-वडील किंवा सासू-सासरे इथे स्वतःच्या नावावरच्या घरात राहत असतील तर विचारून घ्या.

रक्कम ठरवताना मात्र थोडं थांबा. घर ज्या किमतीला घेतलं ती रक्कम इथे उपयोगाची नाही. त्या किमतीत प्लॉटची किंमत असते, शाळेच्या नावाची किंमत असते. इथे धरायचा तो आज तेच घर पायापासून पुन्हा बांधायचा खर्च. आमच्याकडे साउथ फायेटमध्ये तो खर्च गेल्या काही वर्षांत बराच वाढला आहे, म्हणून नूतनीकरण करताना जुनी रक्कम तशीच पुढे ढकलू नका. आणि विमा घेण्याआधीच्या भेगा दाव्यात धरत नाहीत, तेव्हा घराचा ताबा मिळाला की सामान लावायच्या आधी तळघराच्या चारही भिंतींचे, जमिनीचे आणि बाहेरच्या पायाचे तारखेसकट फोटो काढून ठेवा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, बाबांनी फोनवर सांगितलं.

त्या फोटोंचा उपयोग झाला. काही वर्षांनी एका पावसाळी वसंतात तळघराच्या मागच्या भिंतीत, ब्लॉकच्या सांध्यांतून, साधारण कमरेच्या उंचीला आडवी भेग दिसली. कोपऱ्याकडे ती पायऱ्यापायऱ्यांनी वर गेली होती. मी दावा नोंदवला. डीईपीचे तपासनीस आले. वयस्कर, बोलण्यावरून इकडचेच, आजोबा खदानीत होते असं त्यांनीच सांगितलं. त्यांनी आधी भेगेकडे पाहिलंच नाही. वरच्या मजल्यापासून सुरुवात केली: दारं अडतात का, खिडक्यांच्या कोपऱ्यातून प्लॅस्टर तडकलंय का, जमीन एका बाजूला उतरलीय का. लेव्हल लावून पाहिली. मग बाहेर जाऊन हिरवळीत कुठे खड्डा किंवा लांब भेग आहे का ते पाहिलं, छपराचं पाणी कुठे पडतं ते पाहिलं, आणि शेवटी तळघरात येऊन टॉर्च लावून भिंतीला गाल लावल्यासारखे उभे राहिले, भिंत आत किती फुगली आहे ते बघायला.

मग त्यांनी नकाशा काढला. आमचं घर पिट्सबर्ग सीमच्या वर आहे. जवळजवळ माणसाच्या उंचीचा हा थर या सगळ्या भागाखाली पसरलेला आहे. नकाशावर खोल्या आणि पिलर आखलेले होते, बाजूला हातानं लिहिलेल्या तारखा. त्यांनी बोट ठेवून दाखवलं की आमच्या गल्लीखालचे पिलर शाबूत आहेत, ओढ्याच्या पलीकडचे काढलेले आहेत. जमीन खदानीमुळे खचते तेव्हा बशीसारखी बसते, म्हणून एकापेक्षा जास्त भिंतींवर, वरच्या मजल्यांवर आणि बाहेरच्या जमिनीवर एकदमच खुणा दिसतात, असं त्यांनी सांगितलं. आमची भेग एकाच भिंतीत होती. छपराचं पाणी पायालगत पडत होतं, ओली चिकणमाती भिंतीला आत ढकलत होती. दावा मंजूर होणार नाही हे त्यांनी तिथेच स्वच्छ सांगितलं, नंतर तसं पत्रही आलं. पाइप लांबवून पाणी घरापासून दूर काढा आणि भिंतीला टेकू देणाऱ्या कंत्राटदाराला बोलवा, हा सल्ला फुकट मिळाला. तो पाळला, भेग तिथेच थांबली.

पैसे न मिळताही मी या सेवेला पाचपैकी साडेचार देते ते यासाठी. नकार मिळाला तो कारणासकट आणि नकाशासकट मिळाला. ज्या खात्याकडे खदानींचे नकाशे आहेत, खदानींना परवाने देणारी माणसं आहेत, जमिनीखाली काय होतं हे जाणणारे अभियंते आहेत, त्याच खात्याकडे विमा असल्याचा हा फायदा. खासगी कंपनीचा तपासनीस भेग मोजून गेला असता. पिलर कुठला शाबूत आहे हे त्याला कुठून कळणार?

उरलेला अर्धा का कापला ते सांगण्याआधी, हे खातं आतून कसं विभागलेलं आहे ते सांगते, कारण घराचं, अंगणाचं आणि पाण्याचं काम वेगवेगळ्या टेबलांवर जातं. विमा काढून लोक निर्धास्त होतात, आणि अंगणात खड्डा पडला की चुकीच्या ठिकाणी फोन लावत बसतात.

सगळ्याच्या मुळाशी एक तारीख आहे, ३ ऑगस्ट १९७७. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कोळसा खदानी आणि जमीन पूर्ववत करण्याच्या केंद्रीय कायद्यावर सही केली. त्याआधी खणून कोणी वाली न उरलेल्या जमिनीची जबाबदारी सार्वजनिक झाली. त्यानंतर खणायचं तर आधी परवाना, आधी जमीन सावरण्याचा आराखडा आणि आधी बाँड, म्हणजे कंपनी पळाली तरी त्या पैशातून काम करता येईल. केंद्रानं वॉशिंग्टनमध्ये त्यासाठी एक कार्यालय काढलं, पण रोजचं काम राज्यांवर सोपवलं. ज्या राज्याचा कायदा केंद्राच्या तोडीचा असेल त्याला ‘प्रायमसी’ मिळते आणि केंद्र फक्त नजर ठेवतं. पेनसिल्व्हेनियाला ती जुलै १९८२ मध्ये मिळाली. टेनेसीनं १९८४ मध्ये हे काम सोडून दिलं, तिथे आजही केंद्राचं कार्यालयच परवाने देतं. टेक्सासमध्ये हे काम रेलरोड कमिशनकडे आहे. प्रत्येक राज्यानं आपापल्या जुन्या खात्यांत जिथे जागा होती तिथे ते बसवलं.

पेनसिल्व्हेनियात १९९५ मध्ये जुनं पर्यावरण खातं मोडून दोन खाती केली. उद्यानं आणि जंगलं एकीकडे गेली, प्रदूषण आणि खदानी डीईपीकडे आल्या. डीईपीत चालू खदानींचे परवाने आणि तपासणी जिल्हा खाण कार्यालयांकडे असते. अँथ्रासाइटचा कडक कोळसा पूर्वेकडे, त्याचं कार्यालय पॉट्सव्हिलला. आपल्या बाजूच्या मऊ कोळशाच्या भूमिगत खदानी कॅलिफोर्निया कार्यालयाकडे. हे कॅलिफोर्निया म्हणजे मोनोंगाहेला नदीकाठचं इथलंच गाव. खदानीत काम करणाऱ्यांच्या सुरक्षेचा ब्यूरो वेगळा. १९७७ आधीच्या बेवारस खदानी सावरणारा ब्यूरो आणखी वेगळा, त्याची माणसं राजधानी हॅरिसबर्गशिवाय विल्क्स-बॅरी आणि एबन्सबर्गला बसतात. विमा हा परवान्यांची धोरणं ठरवणाऱ्या ब्यूरोचा भाग. आणि खात्याचा निर्णय पटला नाही तर अपील ऐकणारं एन्व्हायर्नमेंटल हिअरिंग बोर्ड डीईपीच्या बाहेर, स्वतंत्र आहे. ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते. निर्णय देणाऱ्याच्याच वरिष्ठाकडे अपील करण्यात काय हशील?

परवाना देणारे आणि जुनी घाण निस्तरणारे वेगळे ठेवले आहेत, तेही मला पटतं. पैसाच वेगळा आहे. बेवारस खदानींचा पैसा चालू खदानींच्या प्रत्येक टनावरच्या आकारातून येतो, सध्या उघड्या खदानीला टनामागे २२.४ सेंट आणि भूमिगतला ९.६ सेंट. शिवाय २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यानं देशभरासाठी सुमारे ११.३ अब्ज डॉलर दिले. हा पैसा आजच्या कंपनीचं नुकसान भरायला वापरला जाऊ नये म्हणून मधली भिंत लागते. वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकीतही बेवारस खदानींचं काम वेगळ्या विभागाकडेच आहे.

आता प्रत्यक्षात. घराला खदानीमुळे तडा गेला तर विमा. अंगणात किंवा रस्त्यालगत अचानक भगदाड पडलं आणि खाली जुनी खदान असेल, तर बेवारस खदानींचा ब्यूरो. ते लोक भोकं पाडून सिमेंट आणि राखेचा गारा खाली सोडतात, बाबांच्या रेतीचंच काम. पण जीवाला धोका असेल तर सगळ्यात आधी ९११. घराखाली आत्ता लाँगवॉल खदान, म्हणजे पिलर न ठेवता कोळशाचा लांबच लांब पट्टा काढत जाणारी खदान, सरकत असेल, वॉशिंग्टन आणि ग्रीन काउंटीत हे होतं, तर १९९४ च्या अॅक्ट ५४ प्रमाणे दुरुस्ती किंवा भरपाई कंपनीनं द्यायची, विहीर आटली तर पाणीही तिनंच पुरवायचं. दाद जिल्हा खाण कार्यालयाकडे. आणि टेकडी घसरली तर? पिट्सबर्गमध्ये दर पावसाळी वसंतात कुठे ना कुठे दरड घसरते. ती यातल्या कशातच बसत नाही, खदान विम्यातही नाही आणि होम इन्शुरन्समध्येही नाही. उताराच्या कडेचं सुंदर घर बघताना हे डोक्यात असू द्या.

पाण्याचं तर वेगळंच दुखणं. आमच्याजवळचा मिलर्स रन हा ओढा नारिंगी वाहताना पाहिला की नवीन माणूस दचकतो. जुन्या खदानीत साठलेलं पाणी लोह घेऊन बाहेर पडतं आणि दगडांवर गंजाचा थर बसतो, इकडे त्याला ‘यलो बॉय’ म्हणतात. राज्यात असे साडेपाच हजार मैलांहून जास्त ओढे-नद्या बिघडलेल्या आहेत. विम्याचा याच्याशी संबंध नाही. काम होतं ते बेवारस खदानींच्या पैशातून आणि ओढ्यासाठी धडपडणाऱ्या स्थानिक मंडळींच्या चिकाटीतून. साउथ फायेटमध्ये अशी मंडळी आहेत. शनिवारी सकाळी त्यांच्याबरोबर एकदा जाऊन या, मुलांना घेऊन.

डिसेंबर २०२४ मध्ये वेस्टमोरलँड काउंटीतल्या मार्गरीट गावात एक आजी हरवलेलं मांजर शोधायला गेल्या आणि पायाखालची जमीन खाली गेली. खालची खदान १९५२ पासून बंद होती. शोधकार्य चार दिवस चाललं, त्या वाचल्या नाहीत. ही बातमी आली तेव्हा आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी पहिल्यांदा नकाशा उघडून आपलं घर पाहिलं. विमा माणसाला वाचवत नाही, हे खरं. पण नकाशा बघायची सवय वाचवू शकते. अंगणात नवीन खळगा दिसला, झाडाखालची माती बसली, तर मुलांना तिकडे जाऊ देऊ नका आणि फोन करा.

नकाशांबद्दल थोडं आणखी. जुलै २००२ मध्ये सॉमरसेट काउंटीतल्या क्वीक्रीक खदानीत नऊ कामगार अडकले. शेजारची सोडून दिलेली, पाण्यानं भरलेली सॅक्समन खदान नकाशावर दाखवली होती त्याहून जवळ होती. यंत्र थेट तिच्यात घुसलं आणि पाणी आत आलं. ७७ तासांनंतर नऊही जण वर आले. जुने नकाशे शोधून, तपासून, स्कॅन करून लोकांसमोर ठेवण्याचं महत्त्व त्यातून सगळ्यांना कळलं. आज पेन स्टेट विद्यापीठाच्या मदतीनं चालणारा पेनसिल्व्हेनिया माइन मॅप अॅटलास कोणालाही फुकट बघता येतो. घराचा पत्ता टाका, खदानीचं नाव मिळतं, कितीतरी ठिकाणी मूळ कागदाचं चित्रही उघडतं. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत चांगली गोष्ट ही आहे, विम्यापेक्षाही. मात्र नकाशा कोरा दिसला म्हणून खाली काही नाही असं समजू नका. फार जुन्या खदानींचे नकाशे मिळालेलेच नाहीत.

हे लिहिताना घुग्घूस डोळ्यांसमोर येतंच. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या अमराई वॉर्डातलं एक अख्खं घर जमिनीत गेलं. घरातली माणसं जेमतेम बाहेर पडली होती. खाली जुनी भूमिगत खदान. आसपासच्या कुटुंबांना घरं सोडायला लावली. आपल्याकडे कोळसा केंद्राचा: खदान केंद्राच्या कंपनीची, सुरक्षेचं महासंचालनालय धनबादला, खदान बंद करण्याच्या आराखड्याचे नियम २००९ पासून आहेत तेही केंद्राचे. राज्याचं खनिकर्म संचालनालय नागपुरात आहे, पण कोळशावर त्याची सत्ता नाही. राज्याकडे उरतो तो जिल्हाधिकारी आणि पंचनामा. ज्या वॉर्डाखालून वर्षानुवर्षं कोळसा गेला, त्या वॉर्डातल्या माणसाला आपल्या घराखालचा नकाशा मोबाइलवर बघता यावा, एवढी साधी गोष्ट चंद्रपूर, वणी, उमरेडला अजून व्हायची आहे. पेनसिल्व्हेनियाची सगळी व्यवस्था आपल्याकडे आणा असं मी म्हणणार नाही, आपली मालकीची रचनाच वेगळी आहे. नकाशे तरी खुले करा. त्यासाठी नवीन कायदाही लागू नये.

आता तो कापलेला अर्धा गुण. दहा लाख घरं धोक्याच्या जागेवर आणि पॉलिसी जेमतेम साठ हजारांच्या आसपास. कारण सोपं आहे: इथे विमा मागितला तरच मिळतो. वेस्ट व्हर्जिनियात उलटं आहे. तिथे खासगी कंपनीच्या घराच्या पॉलिसीत खदानीचं संरक्षण आपोआप येतं, नको असेल तर तसं लेखी द्यावं लागतं, आणि मागे राज्याचा निधी उभा असतो. इलिनॉयमध्ये खदानींच्या काउंट्यांत तसंच. ओहायोत काही काउंट्यांत तर सक्तीच आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉर्गनटाउनला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांनी घर घेताना ‘हे नको’ असा कागद कोणी पुढे केला तर त्यावर सही करू नये, एवढंच लक्षात ठेवा.

पेनसिल्व्हेनियानं पॉलिसी स्वतःकडेच ठेवावी, तपासनीस आणि नकाशे एकाच छताखाली असण्याचा लाभ सोडू नये. फक्त क्लोजिंगच्या टेबलावर त्या मोठ्या अक्षरांच्या परिच्छेदाला एक पान जोडावं: खाली खदान आहे की नाही, विम्याचा हप्ता किती पडेल, आणि ‘हवा’ किंवा ‘नको’ यापुढे सही. आमच्या भागाच्या राज्य प्रतिनिधींच्या कार्यालयात मी हे लेखी दिलं आहे. साउथ फायेट, अप्पर सेंट क्लेअर, बेथेल पार्क या भागात राहणाऱ्या मंडळींनी आपापल्या प्रतिनिधीला असंच पत्र पाठवावं. मसुदा हवा असेल तर माझ्याकडे मागा, मी देते.